उशिराच्या खिडकीतल्या हुस्नाआपा

हुस्नाआपांना मंगळवारी शाळेतून घरी पाठवलं. तिसऱ्या तासाची घंटा झाली तेव्हा त्या खिडकीत होत्या, चौथ्या तासाची झाली तेव्हा नव्हत्या. गळ्यातलं ओळखपत्र सुरक्षारक्षकाने काढून घेतलं. त्यांच्या मुलीला, झोयाला, हे गणिताच्या वर्गात कळलं. मला ग्रंथालयात कळलं. मग चौकशी झाली, त्यांची नोकरी गेली, नोकरीबरोबर व्हिसा गेला आणि त्या गावी परतल्या. वर्षभराने त्या वारल्या.

हे लिहायला मी बरेच दिवस घेतले. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना राग बाजूला ठेवावा असं वाटत होतं. तो बाजूला होत नाही. म्हणून आता तो आहे तिथेच राहू देऊन लिहिते आहे.

अबुधाबीच्या खलिफा सिटीत, एकसारख्या व्हिलांच्या गल्ल्या जिथे संपतात, तिथे आमची शाळा आहे. अभ्यासक्रम अमेरिकन, आणि नुसता अभ्यासक्रमच नाही, सगळा थाटच तिकडचा. लांबच लांब कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना निळे लॉकर, वर्गाबाहेर पडायचं तर हातात पास, कॅफेटेरियात प्रत्येक टोळीचं ठरलेलं टेबल, मॅचच्या आदल्या दिवशी जिममध्ये सगळ्या शाळेने जमून घसा फाटेस्तोवर ओरडायचं. मुलं मात्र जगभरची, आणि इतकी, की दोन मुलांनी चार वर्षं एकाच इमारतीत काढावीत आणि त्यांची कधी गाठच पडू नये. मी तिथे ग्रंथपाल आहे. मूळची मिरजेची.

एवढ्या मोठ्या शाळेत मराठी बोलणारे आम्ही तिघे होतो. मी, हुस्नाआपा आणि करंदीकर सर. सर आधी केमिस्ट्री शिकवायचे, पुढे व्हाइस प्रिन्सिपल झाले. ते राजापूरचे आणि आपा दाभोळच्या खाडीकाठच्या. दोघंही रत्नागिरी जिल्ह्यातली, त्यामुळे दोघांची युती असे आणि मी ‘घाटावरची’. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी उघडली की आपा म्हणायच्या, “आली हिची माती.” मग तीच माती भाकरीला लावून खायच्या.

आपांचं काम हजेरीचं. मुख्य दारापाशी एक सरकत्या काचेची खिडकी होती. घंटा झाल्यावर आलेल्या मुलाने त्या खिडकीत जाऊन उशिराची चिठ्ठी घ्यायची, मगच वर्गात जायचं. खिडकीवर इंग्रजीत अटेंडन्स ऑफिस असं लिहिलेलं होतं. आम्ही तिला उशिराची खिडकी म्हणायचो. त्या काचेमागे काळा, पायघोळ अबाया, पायात पांढरे बूट आणि साखळीला अडकवलेला चष्मा अशा आपा उभ्या असत. खुर्ची होती, पण त्या बसत नसत. “बसलं की मुलं छोटी दिसत नाय,” असं त्यांचं कारण होतं. त्याचा अर्थ मला आजही नीट लागलेला नाही.

“मेल्या, कुठे उलथला होतास?” हा उशिरा आलेल्या प्रत्येक मुलाला त्यांचा पहिला प्रश्न. मुलगा सीरियाचा असो, केनियाचा असो की टेक्सासचा. मुलगी असेल तर ‘मेले’, घोळका असेल तर ‘मेल्यांनो’. प्रश्न मराठीत, उत्तर इंग्रजीत, आणि त्यात कोणाचं काही अडत नसे. बस चुकली, गजर वाजला नाही, बाबा विमानतळावर गेले, मांजर आजारी आहे. आपा सगळं ऐकून घेत आणि चिठ्ठीबरोबर काचेखालून एक खजूर सरकवत. मूल सकाळी काही न खाता आलं आहे की खाऊन, हे त्यांना कसं कळायचं कोण जाणे, पण खजूर सगळ्यांना मिळत नसे.

कोकणातल्या बाईच्या तोंडात हा ‘मेल्या’ कसा असतो, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. तो कसा नसतो, तेवढं सांगते. आपा खरोखर रागावल्या की तो शब्द नाहीसा व्हायचा. त्या सरळ उभ्या राहायच्या, चष्मा लावायच्या आणि इंग्रजीत म्हणायच्या, “यंग मॅन, गो टू युअर क्लास, सर.” हे ‘सर’ मुलांना फार लागायचं. एकदा एक चांगला उंच, फुटबॉल खेळणारा मुलगा माझ्याकडे येऊन बसला आणि अगदी पडेल चेहऱ्याने म्हणाला, “मिस हुस्ना मला सर म्हणाली. आता काय करू?” मी म्हटलं, जाऊन माफी माग. तो गेला. पाच मिनिटांनी खिडकीतून आवाज आला, “चल मेल्या, यल्ला, तास बुडेल तुजा!” आणि तो उड्या मारत वर्गात पळाला.

शब्द हळूहळू शाळाभर झाला. एकदा घरच्या मैदानावर बास्केटबॉलची मॅच होती. आमच्या मुलाने अगदी सोपा बास्केट चुकवला आणि सगळ्या गॅलरीतून एका सुरात आवाज उठला, “मेल्याऽऽ!” कोरियन, इमिराती, नायजेरियन, कॅनेडियन, सगळी पोरं. पाहुण्या संघाचे शिक्षक आमच्याकडे बघायला लागले. करंदीकर सर माझ्या शेजारी बसले होते. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “आपा,” ते ओरडून म्हणाले, “दाभोळनं अमेरिका जिंकली हो!” आपा तोंडावर स्कार्फ ओढून घेत म्हणाल्या, “गप मेल्या, लोक बघतायत.”

हो, सरांनाही त्या मेल्याच म्हणायच्या. व्हाइस प्रिन्सिपल झाल्यावरही.

त्यांचं आणि माझं एकाच गोष्टीवर पटत नसे. जेवणाच्या सुट्टीत काही मुलं ग्रंथालयात येऊन बसतात. ती वाचायला आलेली नसतात. कॅफेटेरियात ज्याला टेबल नाही त्याला जायला दुसरी जागा नसते. नववीतली एक मुलगी अशीच यायची, नुकती कोरियातल्या सोलहून आलेली, शेल्फांच्या मागे जमिनीवर बसून डबा खायची. मी तिला कधी हटकलं नाही. मला ती माझ्यासारखी वाटायची. आपांनी तिला एक दिवस पाहिलं आणि माझ्यावरच उखडल्या.

“ताई, किती दिवस हिला पुस्तकांत लपवून ठेवणार हायस?”

“तिला इथे बरं वाटतं, आपा.”

“तुला बरं वाटतं. तिला सवय झालीय.”

त्यांनी त्या मुलीचा डबा उचलला, तिला पुढे घातलं आणि थेट कॅफेटेरियात मधल्या टेबलापाशी गेल्या. ते शाळेतल्या खेळाडूंचं टेबल. तिथे शिक्षकसुद्धा बसत नाहीत. आपा म्हणाल्या, “मेल्यांनो, सरका.” आणि ती धिप्पाड पोरं खरोखरच सरकली. त्या मुलीचं त्या टेबलावर काय जमणार होतं? जमलं नाहीच. पण शेजारच्या टेबलावरच्या दोघींनी तिला पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशीपासून ती त्यांच्यात बसू लागली. आपा मला यावरून कित्येक महिने टोचून बोलत होत्या.

झोयाला या सगळ्याची लाज वाटायची. ती आईसमोरून जाताना पाय ओढत नसे, पळतच जायची. “अम्मी, प्लीज. एव्हरीबडी इज लुकिंग.” आपांचे मिस्टर झोया लहान असतानाच गेले. मुलगी आईच्या व्हिसावर, आणि आई शाळेच्या. आपांच्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती त्या कोणापासून लपवत नसत. झोयाने याच शाळेच्या स्टेजवरून चालत जाऊन डिप्लोमा घ्यायचा. शेवटच्या वर्षाच्या समारंभाला मुलं गाऊन आणि चौकोनी टोप्या घालतात. दर जूनमध्ये ते गाऊन इस्त्री करून टांगायचं काम आपा मागून घेत. एकदा कोणी नाही असं पाहून त्यांनी टोपी स्वतःच्या स्कार्फवर ठेवली. गोंडा चष्म्यावर लोंबायला लागला. “हे काय गं ताई, डोक्यावर ताट घेऊन चालायचं?” मग ऑडिटोरियमच्या एका बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. “पुढं नाय बसायचं. पुढनं नुसती पाठ दिसते. इथनं येताना तोंड दिसतं. पुढच्या जूनला मी इथं बसणार, इन्शाल्ला.”

ते झोयाचं अकरावीचं वर्ष होतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात करंदीकर सरांची आई राजापूरला वारली. तेराव्यानंतर सर परत आले. डोक्यावर कॅप. शाळेत कॅप घालायला बंदी आहे, पण त्यांना कोणी काही बोललं नाही. त्या दिवशी आपांनी घावन आणि खोबऱ्याची चटणी करून आणली होती. सरांना चालेल की नाही म्हणून नवी भांडी घेऊन त्यात केलेली. आम्ही तिघे माझ्या ऑफिसात बसलो होतो. सर बराच वेळ नुसते घावनाचे तुकडे करत होते. मग म्हणाले, “आई शेवटपर्यंत मला मेल्याच म्हणायची. दवाखान्यातसुद्धा. ‘मेल्या, एवढ्या लांबून कशाला आलास’ म्हणाली. आता मला असं म्हणणारं कोणी उरलं नाही.”

आपा म्हणाल्या, “मी हाय ना, मेल्या. खा आता.”

सर रडले. पुरुष माणूस आमच्यासमोर रडतोय म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिले. आपा मात्र त्यांच्या ताटाकडे बघत होत्या, घावन संपतंय का ते.

हिवाळ्याच्या सुट्टीनंतर अमेरिकेहून एक मुलगा दहावीत आला. गोड पोरगा, दुसऱ्याच आठवड्यात उशिरा येऊ लागला. त्याला कोणीतरी त्या शब्दाचा अर्थ फोनवर काढून दाखवला. त्याने घरी गंमत म्हणून आईला सांगितलं, शाळेतली एक बाई मला ‘डेड वन’ म्हणते. त्याच्या आईला गंमत वाटली नाही. मी तिला दोष देत नाही. ज्या देशातून ती आली होती तिथे कोणी बंदूक घेऊन शाळेत घुसलं तर काय करायचं म्हणून मुलं दारं लावून बाकांखाली लपायची तालीम करतात. तिथे शाळेत मरणाचा शब्द कोणी थट्टेत घेत नाही. तिने तक्रार केली. अशा तक्रारीवर शाळेची एक ठरलेली पद्धत आहे, आणि तिची पहिली पायरी म्हणजे त्या माणसाला ताबडतोब इमारतीबाहेर काढणं.

आपांना सुरुवातीला हसूच आलं होतं. फोनवर मला म्हणाल्या, “करंदीकर हाय ना. तो सांगेल त्यांना.”

मलाही तसंच वाटलं होतं. माझ्या मनात तेव्हा जराही शंका आली नाही.

चौकशी प्रिन्सिपलबाईंच्या खोलीत झाली. सोबतीला एक सहकारी आणता येत होता, आपांनी माझं नाव दिलं. दारातच मला बजावण्यात आलं, की मी फक्त सोबत आहे, मला बोलता येणार नाही. प्रिन्सिपलबाई वाईट नव्हत्या. त्या वर्षअखेरीला निवृत्त होऊन आपल्या देशात परतणार होत्या, आणि त्यांच्या जागेसाठी करंदीकर सरांचं नाव घेतलं जात होतं. हे सगळ्या शाळेला माहीत होतं. सर त्यांच्या शेजारी बसले होते. भाषा कळणारा वरिष्ठ माणूस म्हणून त्यांनाच अर्थ सांगायला बोलावलं होतं.

“मिस्टर करंदीकर, या शब्दाचा अर्थ काय?”

सरांनी समोरचं पेन उचलून पुन्हा खाली ठेवलं. “लिटरली,” ते म्हणाले, “डेड वन.”

“आणि तो दुसरा? ‘कुठे’च्या पुढचा?”

“उलथणं म्हणजे पालथं पडणं. नकोशा माणसाबद्दल बोलताना वापरतात.”

“मिसेस हुस्ना म्हणतात, की हे प्रेमाने म्हटलं जातं.”

सर थांबले. त्या थांबण्यात मला वाटलं, आता सांगतील. आईचं सांगतील, दवाखान्यातलं सांगतील. निदान बास्केटबॉलची मॅच तरी सांगतील.

“काही घरांत म्हणत असतील,” ते म्हणाले. “सुशिक्षित घरांत हा शब्द वापरत नाहीत.”

मी तोंड उघडलं. प्रिन्सिपलबाईंनी हात वर करून मला थांबवलं.

मग आपा बोलल्या. शांतपणे, मराठीत, टेबलाच्या पलीकडे वाकून. “करंदीकर, तुजी आय तुला काय म्हणायची, तेवढंच सांग त्यांना. बाकी काय नको सांगूस.”

सर टेबलाकडे बघत म्हणाले, “प्लीज स्पीक इन इंग्लिश.”

आपा त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. पाठ सरळ केली. म्हणाल्या, “येस, सर.”

त्या खोलीत ते दोन शब्द कळणारी माणसं दोनच होती, सर आणि मी. प्रिन्सिपलबाईंना वाटलं असेल, बाईंनी सहकार्य केलं. पुढे बराच वेळ कागद वाचून दाखवले गेले. आपांनी एकाही प्रश्नाला विरोध केला नाही.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी सरांना गाठलं. तास बदलत होते, मुलं आमच्या दोन्ही बाजूंनी लोटत होती.

“सर, हे काय केलंत तुम्ही?”

“मी खोटं काय बोललो?” ते म्हणाले. “डिक्शनरी उघडून बघा. तुम्ही तर लायब्ररियन आहात.”

मी खरंच उघडून पाहिली. ते खोटं बोलले नव्हते. मी आयुष्यभर शब्दांवर विश्वास ठेवून जगले आहे. एखादा माणूस खऱ्या अर्थाच्या आड उभा राहून दुसऱ्याला असं बुडवू शकतो, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

शाळेने पत्र दिलं, व्हिसा रद्द झाला, निघायला थोडे दिवस मिळाले. झोयाचं बारावीचं वर्ष शाळेने पूर्ण करू दिलं नाही असं नाही. पण आईच्या व्हिसाबरोबर मुलीचाही गेला, तेव्हा त्या परवानगीला काही अर्थ उरला नाही. आपांनी धावाधाव केली, दुसऱ्या शाळांत नोकरीसाठी विचारलं. सगळीकडे आधीच्या शाळेने काय लिहून दिलं आहे ते बघत. एके दिवशी त्या म्हणाल्या, “खलास, ताई. आता नको.”

त्या निघाल्या त्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले होते. अजमानहून त्यांचा मामेभाऊ पिकअप घेऊन आला होता. सामान त्याच्याकडे ठेवून तिकडच्याच जवळच्या विमानतळावरून विमान पकडायचं होतं. घर रिकामं झालं होतं, दोनच खुर्च्या राहिल्या होत्या. तेवढ्यात दारात करंदीकर सर उभे. हातात मिठाईचा बॉक्स.

आपा उठल्या. “या सर. बसा सर. झोया, सरांना पाणी दे.”

सर बसले नाहीत. “आपा, असं नका ना बोलू,” ते म्हणाले. “नेहमीसारखं बोला.”

“नेहमीसारखं म्हंजे कसं, सर?”

त्यात चिडणं नव्हतं, टोमणा नव्हता. अनोळखी पाहुण्याशी बोलावं तसा आवाज होता. सर उभेच राहिले. झोयाने आणलेलं पाणी त्यांनी उभ्यानेच प्यायलं, बॉक्स एका खोक्यावर ठेवला आणि बाहेर पडले. पण गेले नाहीत. रस्त्याच्या पलीकडे आपल्या गाडीपाशी जाऊन थांबले.

आम्ही खाली आलो. ऊन चढलं होतं. झोया पुढच्या सीटवर जाऊन बसली. “अम्मी, यल्ला. मामू इज वेटिंग.” आपांनी माझे दोन्ही हात धरले, “येते गं, ताई,” म्हणाल्या आणि गाडीत चढायला लागल्या. चढता चढता मागे वळून त्यांनी सामानाकडे पाहिलं. मामेभाऊ खोक्यांवरून दोरी टाकत होता.

“आवळ की मेल्या नीट!” त्या ओरडल्या. “सगळं उलथवशील रस्त्यात!”

भाऊ हसला आणि त्याने दोरी आवळली. रस्त्यापलीकडे सरांनी मान खाली घातली. पिकअप वळणावरून दिसेनाशी झाली, आणि मी आपांना पाहिलं ते शेवटचंच.

त्या गेल्याचा फोन झोयाने केला. साखर वाढली होती, त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. झोया आता रत्नागिरीत कॉलेजात जाते. बाहेरून परीक्षा देऊन बारावी झाली. स्टेजवरून चालायचं राहून गेलं. माझ्याशी ती अधूनमधून बोलते.

खिडकीच्या जागी आता भिंतीवर यंत्र बसवलं आहे. उशिरा आलेली मुलं त्याला कार्ड लावतात, चिठ्ठी बाहेर येते, ती घेऊन वर्गात जातात. करंदीकर सर प्रिन्सिपल आहेत. चांगलं चालवतात शाळा, लोक तसं म्हणतात. महिन्यातून एकदा ग्रंथालयाच्या कामासाठी मला त्यांच्या खोलीत जावं लागतं.

या इमारतीत मराठी येणारी आता आम्ही दोघंच आहोत. आम्ही एकमेकांशी इंग्रजीत बोलतो.